समोरच्याचे देणे

गेल्या जूनमध्ये बेळगावातील आमच्या शाळेच्या शिक्षकसभेपुढे एकच विषय होता : वर्गात मोबाईल आणणाऱ्या मुलांचे काय करावे? सभा सव्वा तास चालली. एकाने सुचविले, फोन जप्त करून वर्षअखेरीस परत द्यावा. दुसऱ्याने सुचविले, पालकांना बोलावून त्यांच्या हाती द्यावा. तिसऱ्याचे मत दंड करावा असे पडले. सभेचा वृत्तांत लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. लिहिता लिहिता मान वर केली, तर आम्हां अकरा शिक्षकांपैकी सात जणांची नजर मांडीवरील फोनकडे होती. आठवा मी झालो असतो. परंतु माझ्या फोनचे चार्जिंग संपले होते, एवढेच.

सहकाऱ्यांना नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. ते कष्टाळू शिक्षक आहेत. पण ज्या प्रश्नाला आपण मुलांचा प्रश्न म्हणतो तो खरोखर कोणाचा आहे, हा विचार त्या दिवशी मनात आला आणि अजून गेलेला नाही. तो वाचकांपुढे मांडावा, असे वाटते.

वर्गातील दुर्लक्ष काही आजचे नाही. आम्ही शाळेत होतो तेव्हा भूगोलाच्या पुस्तकात रहस्यकथा लपवून वाचणारा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गात असे. क्रिकेटचा सामना असला की कोणाच्या तरी दप्तरात छोटा रेडिओ असे, आणि धावसंख्या मागल्या बाकावरून पुढल्या बाकापर्यंत गुरुजींची पाठ फिरताच पोहोचे. कोणी खिडकीबाहेरच्या चिंचेकडे पाहत तास काढी. मग आज एवढी चिंता कशासाठी? मुले तीच आहेत, साधन तेवढे बदलले, असे म्हणून सोडून का देऊ नये?

फरक आहे, आणि तो नीट पाहिला पाहिजे. रहस्यकथेचे पुस्तक बंद केले की ते गप्प पडून राही. ते खिशातून थरथरत नसे. 'मला उघड' म्हणून हाक मारीत नसे. आजचा फोन हाक मारतो, आणि तो हाक मारील अशाच रीतीने घडविलेला असतो. त्यातील बहुतेक करमणूक आपणांस फुकट मिळते, परंतु तिची किंमत कोणीतरी मोजतोच. जाहिरातदार पैसे मोजतो आणि त्या पैशांच्या बदल्यात आपल्या डोळ्यांची मिनिटे घेतो. जितका वेळ नजर खिळून राहील तितकी कंपनीची मिळकत अधिक. म्हणून एक चित्रफीत संपण्यापूर्वी दुसरी तयार असते, आणि मटक्याच्या आकड्याप्रमाणे पुढच्या खेपेस काहीतरी चांगले लागेल, या आशेवर बोट फिरत राहते. चौदा वर्षांच्या मुलाच्या इच्छाशक्तीसमोर जगातील हुशार अभियंत्यांची फौज उभी करून, मग तो हरला म्हणून त्याला बाकावर उभे करणे, यात न्याय किती आहे?

आणि हे साधन त्याच्या हाती दिले कोणी? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आपणच पालकांना निरोप पाठविले की मुलासाठी स्मार्टफोनची सोय करा. कित्येक घरांत त्यासाठी कर्ज काढले गेले. शाळा पुन्हा उघडल्या. फोन मात्र मुलांच्या हातीच राहिला. 'असर'ची २०२४ ची पाहणी ग्रामीण भारतातील मुलांविषयी सांगते की, चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. अशा मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारी मुले ७६ टक्के होती. अभ्यासासाठी आणलेल्या वस्तूने अभ्यासालाच मागे टाकले, असे हे आकडे म्हणतात.

श्रीमंत देशांची स्थितीही वेगळी नाही. तेथील पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' नावाची मोठी चाचणी होते. तिच्या २०२२ च्या फेरीत, सरासरीने सुमारे ६५ टक्के मुलांनी कबूल केले की गणिताच्या निदान काही तासांना तरी आपले लक्ष अशा उपकरणांमुळे विचलित होते. म्हणून एकामागून एक देश कायदे करीत आहेत. फ्रान्सने २०१८ मध्ये लहान वर्गांपासून साधारण पंधरा वर्षे वयापर्यंतच्या शाळांत मोबाईल वापरण्यास मनाई केली. नेदरलँड्समध्ये जानेवारी २०२४ पासून माध्यमिक वर्गांतून फोन बाहेर गेले. ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये, तर दक्षिण कोरियाने ऑगस्ट २०२५ मध्ये असाच कायदा केला.

या बंदीचा उपयोग होतो काय? येथे प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. इंग्लंडमधील चार शहरांतील ९१ शाळांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. फोनबंदीनंतर तेथील परीक्षांचे गुण वाढलेले दिसले. परंतु वाढले ते मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे. हुशार मुलांना फोन असला काय, नसला काय, फारसा फरक पडला नाही. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. ज्याच्या घरी विचारपूस करणारे कोणी आहे, ज्याला शिकवणी आहे, तो तास वाया गेला तरी तो भरून काढतो. ज्याला शाळेचा तास हाच एकमेव तास, त्याचाच तो हिरावला जातो. म्हणजे फोनचा खरा दंड गरिबाच्या मुलाला बसतो.

याच्या उलटही पुरावा आहे. स्वीडनमध्ये २०२० साली तसाच अभ्यास केला गेला, तेव्हा गुणांवर बंदीचा असा परिणाम आढळला नाही. २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी ३० शाळांतील १,२२७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. कडक बंदीच्या शाळा व सैल नियमांच्या शाळा यांतील मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना फरक दिसला नाही. मात्र दिवसभरात एकूण जितका अधिक वेळ फोनवर जातो, तितके स्वास्थ्य, झोप व वर्तन खालावलेले दिसले. अर्थ उघड आहे. शाळेत सहा तास फोन बंद ठेवायचा आणि घरी रात्री बारापर्यंत मोकळे रान, यातून मूल सुखी होत नाही.

आकडे आपल्याला इथवर आणून सोडतात. पुढचे मला एका मुलाने शिकविले. ते सांगताना संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीच्या वर्गातील एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. वडगावात राहणारा, वडील यंत्रमागावर कामाला. बोलण्यात मागे, पण अक्षर सुरेख. म्हणाला, "सर, एक सांगायचं होतं." तेवढ्यात माझा फोन थरथरला. रविवारच्या कार्यक्रमाविषयी आमच्या मंडळीच्या समितीचा निरोप होता. खुर्च्या किती मागवाव्यात, असा. मी म्हणालो, "बोल, मी ऐकतोय," आणि खाली मान घालून उत्तर लिहू लागलो. तो दोन वाक्ये बोलला. घरची अडचण, काम, असे काही शब्द कानांवरून गेले. मी "हं, हं" म्हणालो. मान वर केली तेव्हा तो म्हणाला, "काही नाही सर, तेवढंच." आणि गेला.

पुढल्या आठवड्यात त्याचा बाक रिकामा दिसला. चार दिवस वाट पाहून मी त्याच्या घरी गेलो. मागाचे काम थांबले होते, म्हणून तो उद्यमबागेतील एका फाऊंड्रीत कामाला लागला होता. वडील मला पाहून चकित झाले. म्हणाले, "सर, पोरगं तर म्हणालं, तुम्हांला विचारूनच शाळा सोडली. सर हं म्हणाले, म्हणाला."

मी खरोखरच 'हं' म्हणालो होतो.

त्याला परत आणण्याचे प्रयत्न मी केले. ते उशिरा केलेले प्रयत्न होते. घराला त्याच्या पगाराची सवय झाली होती. आजही तो रस्त्यात भेटला की सायकलवरून उतरून नमस्कार करतो. त्याच्या मनात काही राग नाही. त्यामुळेच मला अधिक लाज वाटते. खुर्च्यांचा हिशेब त्या दिवशी अगदी बरोबर जमला होता.

त्या दिवसापासून मी लक्ष या शब्दाचा वेगळा विचार करू लागलो. आपण म्हणतो, लक्ष 'द्या'. देणे हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी येतो. देणे म्हणजे दान, आणि देणे म्हणजे ऋणही. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे लक्ष देणे हे आपल्या मर्जीचे दान आहे की त्याचे आपल्यावर असलेले ऋण? माझे मत असे बनले आहे की ते ऋण आहे. तो मुलगा माझ्याकडून उपकार मागत नव्हता. शिक्षक म्हणून जे मी त्याला देणे लागत होतो, ते मी दुसऱ्याच कोणाला देऊन टाकले.

सिमोन व्हेल या फ्रेंच तत्त्वज्ञ बाईंनी १९४२ मध्ये शालेय अभ्यासाविषयी एक छोटा निबंध लिहिला. त्या स्वतः मुलींच्या शाळांत शिकवीत असत. त्यांचा विचार थोडक्यात असा. भूमितीच्या एखाद्या कूटप्रश्नावर विद्यार्थी तासभर मनापासून झटला आणि तरीही उत्तर सापडले नाही, तर तो तास वाया गेला असे समजू नये. त्या तासात त्याची लक्ष देण्याची शक्ती वाढलेली असते. तीच शक्ती पुढे प्रार्थनेत उपयोगी पडते, आणि तीच दुःखी माणसासमोर उभे राहिल्यावर त्याचे दुःख खरोखर पाहण्याच्या कामी येते. गणिताचा तास आणि शेजाऱ्यावरील प्रीती यांचा संबंध असा जोडलेला मी अन्यत्र पाहिला नव्हता. पदविकेच्या अभ्यासात हा निबंध वाचला तेव्हा सुंदर कल्पना म्हणून सोडून दिला होता. त्या रिकाम्या बाकाने त्याचा अर्थ समजाविला.

या दृष्टीने पाहिले तर वर्गातील फोनचा प्रश्न गुणांपुरता राहत नाही. जे मूल चाळीस मिनिटे एका गोष्टीकडे पाहू शकत नाही, ते उद्या आजारी आईच्या उशाशी चाळीस मिनिटे कसे बसेल? मित्राचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत कसे ऐकेल? बीजगणित विसरले तरी चालेल. ही शक्ती गमावली तर चालणार नाही.

दोन आक्षेपांचा विचार येथे केला पाहिजे. पहिला आक्षेप माझ्याच वर्गातील एका मुलीने घेतला. ती म्हणाली, "सर, शिकवणं कंटाळवाणं असेल तर लक्ष का द्यायचं? चांगलं शिकवलं तर फोन कोण बघेल?" प्रश्न धीट होता आणि त्यात तथ्य होते. पण मी तिला विचारले, "तुझी आजी तीच गोष्ट चौथ्यांदा सांगते, तेव्हा तू काय करतेस?" ती हसली व म्हणाली, "ऐकते." आजीची गोष्ट रंजक असते म्हणून ती ऐकत नाही, आजी सांगते म्हणून ऐकते. लक्ष हे करमणुकीचे बक्षीस झाले, तर जो रंजक बोलू शकत नाही त्याचे कोण ऐकणार? आणि जगातील बहुतेक दुःखी माणसांना रंजक बोलता येत नाही. तथापि, मुलांनी ऋण फेडावे आणि शिक्षकाने तयारीवाचून वर्गात जाऊन तेच जुने टिपण वाचून दाखवावे, हा व्यवहार एकतर्फी होईल. कंटाळवाणे शिकविणे हीही मुलांच्या लक्षाची एक चोरीच आहे.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. बळाने हिरावून घेतलेल्या फोनमुळे संयम शिकता येतो काय? उद्या कॉलेजात, नोकरीत कोण हिरावून घेणार? यावर मी रोपाचे उदाहरण देतो. रोप लहान असते तोवर कुंपण घालावेच लागते. ते झाडाचा अपमान नव्हे. झाड मोठे झाले की कुंपण काढायचे असते. पण कुंपण घातले म्हणजे पाणी घातले असे होत नाही. नुसती बंदी करून जी शाळा निश्चिंत होते, तिने कुंपणालाच बाग समजण्याची चूक केली आहे. बर्मिंगहॅमच्या पाहणीतून मी हाच धडा घेतो.

दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये या विषयावर जो निर्णय दिला, त्यातही असाच समतोल आहे. सरसकट बंदी इष्ट नाही व व्यवहार्यही नाही, असे न्यायालय म्हणाले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी आणि घरच्यांशी संपर्कासाठी फोनचा उपयोग आहे, हे त्याने मान्य केले. परंतु शक्य असेल तेथे फोन सकाळी जमा करावेत व जाताना परत द्यावेत, वर्गात त्यांचा वापर होऊ नये, आणि जबाबदारीने वापर कसा करावा याचे शिक्षणही शाळेने द्यावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे त्याने घालून दिली. आमच्याकडेही खेड्यांतून बसने येणाऱ्या मुली आहेत. संध्याकाळची बस चुकली तर घरी कळविणार कसे? त्यांच्या आईबापांची काळजी खोटी नाही.

हे सर्व ध्यानात घेऊन आम्ही ऑगस्टपासून एक प्रयोग चालविला आहे. एका पालकाने, जे सुतारकाम करतात, दाराजवळ ठेवण्यासाठी क्रमांक घातलेल्या कप्प्यांची लाकडी पेटी करून दिली. फोन आणणाऱ्याने तो सकाळी त्यात ठेवायचा व सुटताना घ्यायचा. तातडीचा निरोप असेल तर कार्यालयातील फोनवर यावा, म्हणून तो क्रमांक सर्व घरी कळविला. आणि नियम असा की पहिला कप्पा वर्गशिक्षकाचा. माझा फोन आत गेल्यावाचून मुलांचा मागायचा नाही.

काही दिवसांतच उघडकीस आले की तिघा मुलांनी घरातले बंद पडलेले जुने फोन पेटीत ठेवून चालू फोन खिशात बाळगले होते! प्रथम राग आला, मग हसू आले. मी शिक्षा केली नाही. नाव न सांगता त्या मुलाची व माझ्या 'हं'ची गोष्ट वर्गाला सांगितली. वर्ग अगदी शांत झाला. मी म्हणालो, "माझा पहिल्या कप्प्यातला फोन खरा आहे. शंका असेल त्याने पाहावे." दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला तो पेटीत खणखणून वाजला. त्या तिघांपैकी एकाने सुट्टीत घरी जाऊन आपल्या भावाला माझा क्रमांक फिरवायला सांगितला होता. खात्री पटल्यावर त्याने आपला चालू फोन आणून कप्प्यात ठेवला. बाकी दोघांना तयार होण्यास आणखी महिना लागला.

चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. सहामाहीचे गुण पूर्वीसारखेच आहेत. एक फरक मात्र सर्वांना जाणवतो : मधल्या सुट्टीत गोंगाट वाढला आहे. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी तक्रार केली की तुमची मुले फार बोलतात. ही तक्रार मी आनंदाने ऐकून घेतली. सर्वांत कठीण गेले ते मला स्वतःला. पहिला आठवडाभर हात दर दहा मिनिटांनी रिकाम्या खिशाकडे जाई. मुले हे पाहत होती, आणि तेही शिक्षणच होते असे मला वाटते.

उरला प्रश्न घराचा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक प्रथा सुरू केली. सायंकाळी सात वाजता भोंगा होतो, आणि दीड तास गावातील दूरदर्शन संच व फोन बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात. मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. या प्रथेत मला महत्त्वाचे वाटते ते हे की भोंगा केवळ मुलांसाठी नाही. बापाचा फोनही बंद, आईची मालिकाही बंद. मुलाला 'अभ्यासाला बस' म्हणून सांगून आपण शेजारी बोट फिरवीत बसलो, तर ते मूल आपल्या शब्दांकडे पाहत नाही, बोटाकडे पाहते.

आपल्या घरी भोंगा नसेल. पण जेवणाच्या वेळी फोन ठेवण्याचा एखादा फडताळातला कोपरा प्रत्येक घरात निघू शकेल. उपासनेला जाताना पाकिटाबरोबर फोनही खिशात घालण्याची आपली सवय आहे. त्या एका तासापुरता तो घरी राहिला तर फारसे अडते काय, हेही पाहावे. आणि या आठवड्यात मूल जवळ येऊन "एक सांगायचं होतं" असे म्हणाले, तर हातातील फोन उलटा नव्हे, दूर ठेवावा, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत त्याच्याकडे पाहावे. कदाचित ते क्षुल्लकच काही सांगेल : पेन हरवले, मैत्रीण रुसली, उद्या डब्याला काय. तेही ऐकावे. मोठी गोष्ट सांगण्यापूर्वी मुले लहान गोष्टी सांगून पाहतात, की हा माणूस ऐकतो किंवा नाही.

पेटी करायची असेल तर अवश्य करावी. मात्र तिच्यातील पहिला कप्पा आपला असावा.